सोमवारचा पाऊस

आमच्या वाईत माझ्या पीएचडीची चौकशी नेहमी एकाच वाटेने जायची. "कितवं वर्ष?" तिसरं म्हटलं की, "म्हणजे दोन वर्षं पास झालीस." फिनलंडात वर्षाकाठी पास-नापास नसतं हे सांगून सांगून मी शेवटी कंटाळले आणि "हो, झाले" म्हणायला लागले. खरं तर तिथे चाळीस क्रेडिटचे कोर्स करायचे, तीन ते पाच शोधनिबंध लिहायचे, ते एका लांबलचक प्रस्तावनेने एकत्र बांधायचे, बाहेरच्या दोन परीक्षकांनी ते बाड वाचून लेखी होकार द्यायचा, आणि मग एक दिवस भर सभागृहात एका परक्या प्राध्यापकाने तुम्हाला दोन तास सोलून काढायचं. मधल्या पाच वर्षांत मी काय करत होते हे मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिते.

विषय होता संभाव्यतेवर आधारलेलं मशीन लर्निंग. नाव भारदस्त आहे, पण मागणी साधी आहे. यंत्राने उत्तर द्यायचं आणि त्या उत्तराची त्याला स्वतःला किती खात्री आहे तेही आकड्यात सांगायचं. उद्या वाईत चाळीस मिलिमीटर पाऊस, एवढ्याने भागत नाही. नव्वद टक्के खात्रीने पाच ते नव्वदच्या मधे, असं म्हणावं लागतं; आणि असं शंभर वेळा म्हटलं तर नव्वदेक वेळा पाऊस त्या पट्ट्यात पडावाही लागतो. पट्टा रुंद ठेवला तर तो कुणाच्या कामाचा नाही, अरुंद ठेवला तर खोटा.

हेलसिंकीला पश्चिमेकडून एस्पो चिकटलेलं आहे, पुण्याला पिंपरी-चिंचवड चिकटलंय तसं. तिथे ओतानिएमी नावाच्या भागात, समुद्राच्या काठावर, आल्टो विद्यापीठ आहे. या विषयात काम करणारे गट तिथे एकाहून जास्त आहेत. आकी वेहतारी, सामुएल कास्की, आर्नो सोलिन, सिमो सार्क्का ही नावं या क्षेत्रातल्या माणसाला सांगावी लागत नाहीत. मी कुणाच्या हाताखाली होते ते सांगत नाही, कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्या माझ्या आहेत आणि त्यांना उगाच मोठ्या नावाचं वजन नको.

मुलाखत स्काइपवर झाली. पुण्यात एम.एस्सी.ला मी सातारा जिल्ह्यातल्या पावसावर प्रकल्प केला होता, तोच पाठ करून बसले होते. पाच मिनिटं ऐकून घेतल्यावर समोरून प्रश्न आला, "यातला कोणता निष्कर्ष तुला स्वतःला पटत नाही?" आपल्याकडे असं कुणी विचारलं तर तो सापळा असतो. मी जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, घाटमाथ्याचे आकडे पटत नाहीत. तिथे माझं मॉडेल सगळं सपाट करून टाकतं. उरलेला पाऊण तास फक्त त्या सपाटीवर बोलणं झालं. पाठ केलेलं सगळं पाण्यात. तीन आठवड्यांनी होकार आला.

2018च्या ऑगस्टमध्ये पोचले. मेट्रो आदल्याच वर्षी ओतानिएमीपर्यंत आली होती. हातात विद्यार्थ्याचं ओळखपत्र आणि नोकरीचं कंत्राट, दोन्ही. तिकडे पीएचडी करणारा हा बहुतेकदा पगारी नोकर असतो, हे बाबांना फार आवडलं. पहिल्या दिवशी मी गाइडना "सर" म्हटलं, तर त्यांनी मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. पुढचे चार महिने मी त्यांना काहीच हाक न मारता काम चालवलं. वडिलांच्या वयाच्या माणसाला पहिल्या नावाने हाक मारायला जीभ रेटत नव्हती.

दर आठवड्याला गटाची बैठक असायची. तिथला रिवाज असा की कुणी आलेख दाखवला की पहिला प्रश्न "निष्कर्ष काय?" असा कधीच येत नसे. "चेन एकमेकांत मिसळल्या का?" हा पहिला. यात काय आहे ते थोडं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आम्ही मॉडेल लिहायला स्टान वापरायचो. ही भाषा 2012 साली आली, स्टानिस्लाव उलाम या गणितज्ञाच्या नावावरून. तुम्ही मॉडेल सांगायचं. अज्ञात राशींच्या शक्य त्या किमतींचा जो सगळा डोंगराळ मुलूख असतो त्यात स्टान एक काल्पनिक गोटी ढकलतं, ती कुठे कुठे जाते ते टिपत राहतं. त्या टिपलेल्या मागाला चेन म्हणायचं. अशा चार गोट्या चार वेगवेगळ्या जागांवरून सोडतात. चारही सगळा मुलूख सारखाच फिरून आल्या तर ठीक. एक गोटी एका दरीत आणि तीन भलतीकडे असतील, तर तुमचं उत्तर म्हणजे त्या गोटीच्या नशिबाची गोष्ट. हे मोजायला आर-हॅट नावाचा आकडा आहे. जुन्या पुस्तकांत तो 1.1च्या खाली असला की चालायचं; वेहतारी आणि मंडळींनी 2021च्या निबंधात ती मर्यादा 1.01वर आणली. आम्हाला गटात ती त्याआधीपासूनच लागू होती, साहजिकच.

माझ्या पहिल्या डिसेंबरात चेन मिसळत होत्या, पण खाली लाल अक्षरात सूचना यायची: इतके डायव्हर्जन्स. म्हणजे मुलखात कुठेतरी नरसाळ्याच्या नळीसारखी चिंचोळी जागा आहे आणि गोटी तिथे शिरताना घसरून बाहेर फेकली जातेय. मी नवशिके करतात तेच केलं. गोटीची पावलं बारीक करायला सांगितली. सूचना कमी झाल्या. मग अजून बारीक. रात्रभर क्लस्टरवर, म्हणजे एकत्र जोडलेल्या संगणकांवर, काम लावून ठेवायचं आणि सकाळी बघायचं. सकाळ म्हणजे काय तर आठ वाजता काळोख, साडेनऊच्या सुमाराला सूर्य, आणि दुपारी सव्वातीनच्या आत तो गेलेला. तीन आठवड्यांनी सूचना शून्यावर आल्या आणि मी बैठकीत जाहीर केलं की प्रश्न सुटला.

गटातल्या एका पोस्टडॉकने, म्हणजे पीएचडी संपवून पुढचं संशोधन करणाऱ्याने, शांतपणे विचारलं, "सुटला की तू त्याला झाकलंस?"

झाकलाच होता. पावलं बारीक करून नरसाळं रुंद होत नाही. मॉडेल वेगळ्या रीतीने मांडावं लागतं. प्रत्येक गावाचा सरासरीपासूनचा फरक थेट न धरता, तो फरक म्हणजे एक प्रमाणित आकडा गुणिले एकूण पसारा, असं लिहायचं. दोन ओळींचा बदल. तेच मॉडेल वीस मिनिटांत धावलं. तीन आठवडे मी क्लस्टरची वीज जाळत होते.

आता पाऊस. महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून जेमतेम वीस किलोमीटरवर पाचगणी, तिथे त्याचा तिसरा हिस्सा. पसरणीचा घाट उतरून वाईला या, आणखी कमी. फलटण-माणकडे तर टँकर. ही गोष्ट आमच्याकडे शाळेतलं पोरही सांगेल, पण साध्या मॉडेलला ती कळत नाही. गॉसियन प्रोसेस या मॉडेलात जवळच्या दोन ठिकाणी पाऊस सारखा धरतात आणि लांब गेलं की वेगळा. किती लांब गेल्यावर वेगळा, त्या अंतराला लेंथ-स्केल म्हणतात. साध्या रूपात हे अंतर सगळीकडे एकच असतं. देशावर ते खपून जातं, सह्याद्रीची धार ओलांडताना खपत नाही. माझं काम होतं हे अंतर जागेप्रमाणे बदलू देणं: धारेजवळ आखूड, पूर्वेकडे लांब.

दुसरी अडचण वेळेची. गॉसियन प्रोसेसमध्ये आकडे दुप्पट झाले की गणिताला आठपट वेळ लागतो. त्यावर सोलिन आणि सार्क्का यांची एक सुंदर युक्ती आहे. वेडंवाकडं फलन एका चौकटीत बसवायचं आणि ठरावीक लाटांच्या बेरजेत मोडायचं; मोजक्या लाटा ठेवल्या तरी काम भागतं. या युक्तीची जातकुळी ज्या प्रमेयाशी जुळते त्याला तिकडे कार्हुनेन-लोएव्ह म्हणतात. वाचनगटात हे आलं तेव्हा एक फिनिश सहकारी सहज म्हणाला, "कार्हुनेन आपल्या हेलसिंकीचा." त्यात अभिमान होता, आणि असावाच, कारी कार्हुनेनचा त्यावरचा निबंध 1947चा.

मी म्हणाले, "कोसंबी आमच्या पुण्याचे. 1943."

दामोदर धर्मानंद कोसंबी आपल्याला माहीत असतात ते प्राचीन भारताचा इतिहास वेगळ्या नजरेने लिहिणारे म्हणून. पण गोव्यात जन्मलेला आणि हार्वर्डला शिकलेला हा माणूस पेशाने गणिती होता. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत असताना, लढाईच्या दिवसांत, त्यांनी जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर निबंध छापला. युरोपात लढाई चालू होती, तो कोण वाचणार? आज काही जण प्रमेयाला कोसंबी-कार्हुनेन-लोएव्ह म्हणतात, बरेच जण म्हणत नाहीत. मी वादाला तयार होऊन बसले होते. सहकारी म्हणाला, "पेपर पाठव." पाठवला. दुसऱ्या दिवशी आमच्या सामायिक टिपणात प्रमेयाच्या नावाला पुढे एक शब्द जोडलेला होता. त्यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र दिवसभर कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला माझ्याकडे पन्नासेक पर्जन्यमापकांचे बऱ्याच वर्षांचे आकडे होते, निरनिराळ्या ठिकाणांहून गोळा केलेले. मॉडेल धावत होतं, चेन मिसळत होत्या, नकाशा देखणा येत होता. सतरा नंबरचा पर्जन्यमापक तेवढा विचित्र वागत होता. घाटाखालचं एक गाव, कोणतं ते राहू दे. तिथे मॉडेल म्हणत होतं की लेंथ-स्केल दीड किलोमीटर आहे. म्हणजे गावाच्या वेशीवर पाऊस वेगळा आणि देवळापाशी वेगळा. मला ते विचित्र वाटायला हवं होतं. त्याऐवजी मी निबंधात "स्थानिक भूरचनेचा सूक्ष्म परिणाम" असा अर्धं पान मजकूर लिहिला. तो लिहिताना मला आनंद झाला होता हे प्रामाणिकपणे नोंदवते.

आणखी एक खूण होती. एकेक नोंद बाजूला ठेवून उरलेल्या नोंदींवरून ती ओळखता येते का, हे तपासायची रीत आहे. प्रत्यक्षात मॉडेल हजार वेळा न चालवता ते अंदाजाने काढता येतं. वेहतारी, गेलमन आणि गॅब्री यांची 2017ची पद्धत. तिची गंमत अशी की अंदाज कुठे विश्वासार्ह नाही हेही ती सांगते: प्रत्येक नोंदीला के-हॅट नावाचा आकडा, आणि तो 0.7च्या वर गेला की समजायचं, या नोंदीने सगळं मॉडेल आपल्याकडे ओढलंय. सतरा नंबरवरच्या अकरा नोंदी 0.7च्या वर होत्या. मी त्या "अपवादात्मक" म्हणून वगळल्या, तळटीप टाकली आणि अंतिम तारखेला चाळीस मिनिटं बाकी असताना निबंध परिषदेकडे पाठवला.

परीक्षणं यायच्या आधी बैठकीत तो दाखवायची माझी पाळी आली. त्याच पोस्टडॉकने विचारलं, "त्या अकरा दिवसांत साम्य काय?"

"जोराचा पाऊस."

"तो त्यांचा परिणाम झाला. वार कोणता होता?"

मला हसू आलं. ढगांना वार कुठे कळतो? पण जागेवरच तारखांचे वार काढले, दोन ओळींचं काम. अकरापैकी नऊ सोमवार.

खोलीत कुणी काही बोलेना. मी पुढे पाहिलं. उरलेल्या दोनांतला एक 16 ऑगस्ट. दुसऱ्या तारखेला काय असेल ते मला एकटीलाच कळलं: गणेश चतुर्थीचा दुसरा दिवस.

मग मॉडेलला त्या गावात स्वतःच पाऊस पाडायला लावला, हजार काल्पनिक पावसाळे, आणि वारांप्रमाणे सरासरी काढून खऱ्या नोंदींच्या शेजारी ठेवली. मॉडेलच्या पावसात सातही वार एका उंचीचे होते. खऱ्या नोंदींत रविवार जवळजवळ कोरडा आणि सोमवार दुपटीच्या आसपास. इतके महिने हा आलेख काढायला मला कुणी अडवलं नव्हतं.

बाबांना फोन केला. तिकडे रात्रीचे साडेनऊ झाले होते. बाबा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते, अशा गोष्टी त्यांना पुस्तकाविना कळतात. सगळं ऐकून म्हणाले, "अगं, रविवारी कोण जातंय बघायला?"

आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस रोज सकाळी साडेआठला मोजतात. रविवारी कुणी मोजला नाही तर पाणी बाटलीत तसंच राहतं. सोमवारी सकाळी दोन दिवसांचं पाणी एकदम मोजलं जातं, आणि रविवारच्या रकान्यात "मोजलं नाही" असं न लिहिता शून्य पडतं. शून्य आणि रिकामं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे; शून्य म्हणजे कुणीतरी जाऊन पाहिलं आणि पाऊस नव्हता. माझ्या मॉडेलला शेजारच्या गावांत रविवारी धो धो आणि इथे ठणठणीत दिसत होतं. त्या बिचाऱ्याने एकच अर्थ काढला की हे गाव जगापासून वेगळं आहे. दीड किलोमीटर आले ते इथून.

निबंध मागे घ्यावा लागला. घ्यायलाच हवा का, यावर मी दोन रात्री स्वतःशी वकिली केली. पन्नासातला एकच तर पर्जन्यमापक. पण तोच सतरा नंबर माझ्या मुख्य आकृतीत होता, आणि अर्धं पान त्याच्यावरच. परिषदेला पत्र लिहून झाल्यावर गाइडना सांगायला गेले. (एव्हाना नावाने हाक मारत होते.) ते म्हणाले, "बरं झालं. आता या निबंधात काहीतरी आहे." मला तेव्हा ते फार क्रूर वाटलं. गुरुवार होता. फिनलंडात गुरुवारी कँटीनला वाटाण्याचं घट्ट सूप असतं, मागून पॅनकेक आणि जॅम. ते मला तिथे घेऊन गेले आणि अर्धा तास फक्त त्या सूपविषयी बोलले. आमच्याकडे याला फोडणी असते, एवढं मी सांगितल्याचं आठवतं.

दुरुस्ती कागदावर सोपी होती. रविवारचा पाऊस अज्ञात धरायचा आणि सोमवारचा आकडा म्हणजे अज्ञात रविवार अधिक अज्ञात सोमवार. या प्रकारच्या मॉडेलांचं हेच सुख, जे माहीत नाही त्याला अज्ञात म्हणून जागेवर बसवता येतं. एवढंच नव्हे, एखादा पर्जन्यमापक असा "रविवार चुकवणारा" असण्याची शक्यताही मॉडेलनेच काढायची. पन्नासांत असे आणखी सहा निघाले.

ते खरंच बरोबर चालतंय का, याची चाचणी वेगळी. 2018मध्ये आलेली ही रीत मला सगळ्यांत आवडते. आधी उत्तर आपणच ठरवायचं, त्यावरून खोटे आकडे तयार करायचे, मॉडेलला ते देऊन उत्तर काढायला लावायचं, आणि खरं उत्तर त्याने सुचवलेल्या किमतींच्या रांगेत कितव्या क्रमांकावर पडतं ते टिपायचं. हे शेकडो वेळा करायचं. मॉडेल प्रामाणिक असेल तर सगळे क्रमांक सारख्याच वेळा येतात, आलेख सपाट. मधे फुगला तर मॉडेल फार भित्रं. दोन्ही टोकं वर आणि मधे खड्डा, म्हणजे मॉडेलला फाजील आत्मविश्वास. आमच्याकडे म्हणायचे, आलेख हसला की आपण रडायचं.

माझा हसला. चार दिवस शोधल्यावर सापडलं: दोन दिवसांची बेरीज घेताना तिचा पसारा मी एकाच दिवसाचा ठेवला होता. एक गुणक राहून गेला होता. तो घातल्यावर आलेख पुन्हा काढला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले, कारण पडद्यावर एकेक खांब उभा राहताना बघवत नव्हतं. सपाट. खाडी गोठलेली होती आणि एक माणूस बर्फावरून कुत्रा फिरवत होता.

मग कोरोना आला आणि दीड वर्ष सगळं घरूनच झालं; त्यात सांगण्यासारखं काही नाही. निबंध छापून आला, त्यानंतरचे दोन त्याच्याच पोटातून निघाले.

2022च्या शेवटी बाड दोन पूर्वपरीक्षकांकडे गेलं. एकाने दीड पान लिहिलं, दुसऱ्याने सहा. सहा पानांतला एक मुद्दा होता: "कोसंबी कोण? प्रमेयाच्या रूढ नावात हे नाव नाही." मी उत्तरात खंड सात, पान 76 ते 88 एवढंच लिहिलं. होकार आला.

तिकडच्या जाहीर परीक्षेत जो प्रश्न विचारतो त्याला फिनिशमध्ये जे नाव आहे त्याचा अर्थ सरळ "उलट वाद घालणारा". आपल्याकडे शास्त्रार्थात पूर्वपक्ष असतो तसाच हा प्रकार, फक्त हा पूर्वपक्ष विमानाने येतो आणि त्याच्या जेवणाचं आपण बघायचं. सोबत कुस्तोस, म्हणजे सभेचा राखणदार. बहुधा आपलेच गाइड. कपडे काळे लागतात. आईला फोनवर हे सांगितलं तर ती हबकली. "शुभकार्याला काळं? काळं संक्रांतीला." मग तिनेच तोड काढली आणि आजीची चंद्रकळा कुरियरने पाठवली. पातळ वीस वर्षं पेटीत होतं, घड्यांवर विरायला आलेलं. निऱ्या घालताना मला परीक्षेपेक्षा त्याचीच धास्ती.

आत जाण्याचा क्रम ठरलेला: आधी उमेदवार, मग कुस्तोस, मग पूर्वपक्ष. लोक उभे राहतात. कुस्तोस सभा उघडतो. मग उमेदवाराने वीस मिनिटांच्या आत, कोणालाही समजेल असं भाषण करायचं. मी पहिली पाच मिनिटं महाबळेश्वर-पाचगणीच सांगितली. त्यानंतर ठरलेल्या वाक्यात पूर्वपक्षाला विनंती करायची, आपल्याला जे आक्षेप योग्य वाटतात ते घ्यावेत. आणि त्यांनी घेतले. चार तासांची मुभा असते. त्यांनी दोन तास दहा मिनिटं घेतले. बहुतेक प्रश्न लाटा किती ठेवल्या, चौकट किती मोठी घेतली, प्रायर, म्हणजे आकडे बघण्याआधीचं गृहीत, असंच का, असे. त्या प्रश्नांची माझी तयारी होती. एकाची नव्हती.

"तुम्हाला रविवारची शून्यं सापडली," ते म्हणाले. "न सापडलेली किती असतील?"

मी पाण्याचा घोट घेतला. खरं सांगायचं तर हा प्रश्न मी एकदा रात्री स्वतःला विचारला होता आणि एक छोटा प्रयोग करून फाइल तशीच टाकून दिली होती, प्रबंधात घातली नव्हती. तीच आठवून सांगितली. खोट्या आकड्यांत मी मुद्दाम तीन प्रकारचे दोष घातले होते. सुट्टीचा दिवस चुकवणारा माणूस माझी तपासणी पकडते. एका दिवसाचा पाऊस दुसऱ्याच तारखेला लिहिणारा माणूस बहुतेकदा पकडते. तिसरा सापडत नाही. "तिसरा कोण?" तिसरा म्हणजे जो जातच नाही, रोज घरी बसून, खिडकीतून आभाळ बघून, आजूबाजूला किती झाला असेल त्यावरून आकडा लिहितो. तो माझ्या मॉडेलला कधीच सापडणार नाही, कारण तो करतो तेच माझं मॉडेल करतं.

सभागृहात हशा झाला. ते हसले नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि लिहून होईपर्यंत सगळे थांबलो.

शेवटी उमेदवाराने प्रेक्षकांकडे वळून विचारायचं असतं, कुणाला आणखी काही आक्षेप असेल तर बोलावं. लग्नात मंगलाष्टकं संपताना होते तशी शांतता. कुणी उठलं नाही. रात्रीच्या जेवणाला कारोंक्का म्हणतात, ते पूर्वपक्षाच्या मानाचं असतं, आणि भाषणं ठरलेल्या क्रमाने होतात. डॉक्टरची उंच टोपी आणि तलवार हा पुढच्या एका समारंभातला भाग. तलवारीचं वाईत फार कौतुक झालं. प्रबंध कुणी उघडला नाही.

त्याच जुलैत घरी आले होते. बाबांच्या मित्राची ओळख काढून आम्ही सतरा नंबर बघायला गेलो. सोमवार होता, सव्वाआठ. शाळेमागच्या मोकळ्या जागेत, तारेच्या कुंपणात, गुडघ्याएवढा तो पर्जन्यमापक. इतकी वर्षं तो माझ्यासाठी नकाशावरचा एक ठिपका होता. साडेआठला काका आले. पिशवीतून काचेचं मोजपात्र काढलं, फडक्याने पुसलं, बाटलीतलं पाणी एक थेंब न सांडता ओतलं. भरलं की वाचायचं, रिकामं करायचं, पुन्हा ओतायचं. दर वेळी खाली वाकून, पाण्याची रेघ डोळ्यांच्या बरोबर समोर आणून, श्वास धरून वाचत होते. दशांशापर्यंत. प्रयोगशाळेत मी इतकी निगुती कमी पाहिली आहे.

मग नोंदवही उघडली. रविवारच्या पुढे शून्य आधीच होतं.

"काका, काल पाऊस नव्हता?" मी विचारलं.

"काल?" त्यांनी माझ्याकडे नवलाने पाहिलं. "काल तर असला झाला की ओढ्यावरचा पूल दुपारपर्यंत पाण्याखाली. कुठं होता तुम्ही?"

आणि पेनाचं टोपण काढून सोमवारच्या रकान्यात, वळणदार अक्षरात, त्यांनी बासष्ट पूर्णांक चार लिहिलं.